महाभियोग: खटला की मतदान? गाईडमधल्या एका वाक्याची तपासणी

राष्ट्रपतींवरचा महाभियोग ही संसदेतली अर्धन्यायिक प्रक्रिया आहे. नेट-सेटसाठी किंवा पेटसाठी चार गाईडं चाळलेल्या प्रत्येकाने या अर्थाचं वाक्य वाचलेलं असतं. बहुपर्यायी प्रश्नात त्याच्यावर एक मार्क मिळतो, आणि तिथवर ते ठीकही आहे. पंचाईत होते ती हेच वाक्य परीक्षेतून उठून संशोधनात येऊन बसतं तेव्हा.

अकोल्याची एक मैत्रीण राज्यशास्त्रात पीएच.डी.च्या तयारीत आहे. तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा तिने मला वाचायला पाठवला. मी रसायनशास्त्राची, मला त्यातलं काय कळणार, म्हणून नुसतं शुद्धलेखन बघायला घेतलं होतं. पण दुसऱ्याच पानावर 'गृहीतके' या मथळ्याखाली पहिल्या क्रमांकाला हेच वाक्य दिसलं आणि मी तिथेच थांबले. आपल्याकडच्या सिनॉप्सिसमध्ये गृहीतके आणि परिकल्पना असे दोन वेगळे मथळे असतात आणि बरेच जण दोन्हींत साधारण तेच लिहितात. खरं तर फरक मोठा आहे. गृहीतक म्हणजे जे आपण तपासणार नाही, आहे तसं धरून चालणार. परिकल्पना म्हणजे जे तपासणार, आणि जे खोटं निघू शकतं. हे वाक्य चुकीच्या मथळ्याखाली बसलंय, असं माझं म्हणणं. ते दुसरीकडे हलवलं की काय होतं, ते या पोस्टमध्ये करून बघू या.

आधी शब्दाकडे पाहू. 'अभियोग' हा कोर्टाच्या वळणाचा शब्द आहे, त्याला 'महा' जोडलं की मोठा खटला असा भास होतो. संविधानात महाभियोग हा शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी आहे, अनुच्छेद ६१ मध्ये. न्यायाधीशांच्या बाबतीत अनुच्छेद १२४ मध्ये नुसतं 'पदावरून दूर करणे' असं म्हटलंय. वर्तमानपत्रं सर्रास न्यायाधीशांवरही महाभियोग लिहितात, आणि बोलताना मीही तेच म्हणते. पण संशोधनात लिहिताना हा भेद पाळा, व्हायव्हाला हमखास विचारतात.

आमच्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात एक सवय लावतात. बाटलीवर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड असं लेबल असलं तरी त्याच्यावर विसंबायचं नाही. ऑक्झॅलिक आम्लासोबत टायट्रेट करून खरी तीव्रता काढायची, मगच ते द्रावण पुढच्या प्रयोगात वापरायचं. 'अर्धन्यायिक' हेही लेबलच आहे. ते तपासायचं तर आधी विचारायला हवं, की हे वाक्य खरं असेल तर जगात काय दिसायला पाहिजे? प्रक्रिया न्यायिक असेल तर निकाल पुराव्याप्रमाणे बदलेल. पुरावा भक्कम असेल तर दोषी, कच्चा असेल तर निर्दोष, मग सभागृहात कुणाच्या किती जागा आहेत याने फार फरक पडू नये. उलट, प्रक्रिया राजकीय असेल तर जागांचं गणित बघूनच निकाल आधी सांगता येईल.

अडचण एवढीच की भारतात एकाही राष्ट्रपतीवर महाभियोग झालेला नाही. नमुना शून्य. नवीन संशोधक इथे एकतर विषय सोडतात किंवा अमेरिकेची सगळी प्रकरणं उचलून आणतात. त्याआधी घरात काय आहे ते बघावं. अनुच्छेद ६१ वापरला गेला नसला तरी त्याची जवळची बहीण, न्यायाधीशांना दूर करण्याची प्रक्रिया, वापरली गेली आहे. आणि तिचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या वऱ्हाडाच्या दोन खासदारांना समोर ठेवून वाचता येतं.

ते वर्ष १९९३. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर, ते पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानावर आणि फर्निचरवर केलेल्या खर्चाचे आरोप होते. १९९१ मध्ये लोकसभेच्या १०८ खासदारांनी सह्या करून नोटीस दिली आणि सभापती रबी राय यांनी ती दाखल करून घेतली. तीन न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली गेली. तिचे प्रमुख सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. बी. सावंत, म्हणजे आपलेच मराठी न्यायमूर्ती. सोबत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्या. ओ. चिनप्पा रेड्डी. समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचं सांगितलं. इथपर्यंत गाईडमधलं वाक्य अगदी खरं आहे. साक्षीपुरावे आहेत, न्यायमूर्ती आहेत, अहवाल आहे.

मग मे महिन्याच्या १० आणि ११ तारखेला लोकसभेत चर्चा झाली. सभापतींच्या खुर्चीवर लातूरचे शिवराज पाटील. प्रस्ताव मांडला सोमनाथ चॅटर्जी यांनी, रामस्वामींची बाजू मांडायला सभागृहात वकील उभे राहिले ते कपिल सिब्बल. मतदान झालं. प्रस्तावाच्या बाजूने १९६. विरोधात शून्य. तटस्थ २०५.

हे आकडे एकदा सावकाश वाचा. ज्यांनी मत दिलं त्यातल्या शंभर टक्क्यांनी 'दूर करा' म्हटलं. एकाही सदस्याने 'हा माणूस निर्दोष आहे' असं म्हटलं नाही. तरी प्रस्ताव पडला, कारण नियमाप्रमाणे दोन अटी लागतात. हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश, आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. पहिली अट सहज पार झाली, दुसरीला सुमारे पाऊणशे मतं कमी पडली. तटस्थ राहिलेले मुख्यतः सत्ताधारी काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे होते, बाजूने मत देणारे डावे, भाजप, जनता दल वगैरे.

त्या दहाव्या लोकसभेत अमरावतीच्या खासदार होत्या प्रतिभाताई पाटील, काँग्रेसच्या. अकोल्याचे खासदार होते पांडुरंग फुंडकर, भाजपचे. बडनेऱ्याहून पॅसेंजरने दोन-अडीच तासांवरचे हे दोन मतदारसंघ. समितीचा अहवाल दोघांच्या पक्षांपुढे तोच होता, अकरा आरोपही तेच. अमरावतीच्या खासदारांचा पक्ष तटस्थ राहिला आणि अकोल्याच्या खासदारांचा पक्ष बाजूने उभा राहिला. पुरावा स्थिर धरला आणि पक्ष बदलला तर निकाल बदलतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एक चल स्थिर ठेवून दुसरा हलवला, आणि सुई दुसऱ्याच्या बाजूने हलली.

पण एका वाचनावर निष्कर्ष काढायचा नसतो. दुसरं वाचन २०११ चं. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन यांनी, वकील असताना कोर्टाने नेमलेला रिसीव्हर म्हणून हाताळलेल्या पैशांचा अपहार केल्याचं चौकशी समितीने मान्य केलं. ऑगस्टमध्ये राज्यसभेने प्रस्ताव १८९ मतांनी मंजूर केला. काँग्रेस आणि भाजप दोन्ही बाजूने. लोकसभेत मतदान होण्याआधी सेन यांनी राजीनामा दिला. न्यायाधीशाचा राजीनामा राष्ट्रपतींच्या नावे जातो, आणि तेव्हा राष्ट्रपती होत्या प्रतिभाताई पाटीलच.

दोन्ही प्रकरणांत समितीने दोषी ठरवलं होतं. एकात माणूस वाचला, दुसऱ्यात गेला. दोषांचं गांभीर्य वेगळं होतं असं कुणी म्हणेल, आणि ते म्हणणं फेटाळण्याइतका नमुना आपल्याकडे नाही. मला मात्र यातून एक बारीक गोष्ट दिसते. पुरावा अगदीच निरुपयोगी नाही. समितीने दोषी ठरवल्याशिवाय प्रस्ताव मतदानाला जातच नाही, म्हणजे पुरावा दार उघडतो. आत जायचं की नाही ते बाकं ठरवतात. ही एवढी दुरुस्ती झाली तरी 'अर्धन्यायिक' शब्दातला 'अर्ध' नेमका कुठला अर्धा, ते स्पष्ट होतं.

आता राष्ट्रपतींकडे वळू. इथे अनुच्छेद ६१ शब्दाशब्दाने वाचा, गाईडमधून नको. कारण एकच, 'संविधानाचा भंग'. त्याची व्याख्या कुठेच दिलेली नाही. संविधान सभेत बाबासाहेबांनी या शब्दप्रयोगाची व्याप्ती मोठी असल्याचं सांगितलं होतं. देशद्रोह, लाच हेही त्यात येऊ शकतं, कारण त्याने शपथेचाच भंग होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे व्याख्या मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. मोकळ्या जागेत काय भरायचं हे कोण ठरवणार? सभागृह.

दोनपैकी कुठल्याही सभागृहाला आरोप ठेवता येतो. त्यासाठी एकूण सदस्यांच्या किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. मग दुसरं सभागृह चौकशी करतं किंवा करवून घेतं, राष्ट्रपतींना बाजू मांडायचा हक्क असतो, आणि तिथेही एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं पडली की त्या क्षणी पद जातं. लोकसभेच्या ५४३ पैकी ३६२, राज्यसभेच्या २४५ पैकी १६४. इथे 'हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या' असं नाही, 'एकूण सदस्यसंख्येच्या' आहे. घटनादुरुस्तीला लागतं त्यापेक्षा हे जास्त आहे. राष्ट्रपतींना काढण्यापेक्षा संविधान बदलणं सोपं, असं म्हटलं तर ऐकायला विचित्र वाटतं, पण आकडेमोड तेच सांगते.

न्यायाधीशांसाठी १९६८ चा चौकशी कायदा आहे, त्यात समितीवर दोन न्यायमूर्ती आणि एक नामवंत विधिज्ञ बसवावे लागतात. राष्ट्रपतींच्या चौकशीसाठी असा कायदा नाही. चौकशी कुणी करायची, पुराव्याचे नियम कोणते, शंका किती आणि खात्री किती, काहीच लिहिलेलं नाही. निकालपत्र लिहायची सक्ती नाही. अपिलाची तरतूद नाही. न्यायाधीशांच्या प्रक्रियेत जो अर्धा न्यायिक भाग होता, तोही इथे जवळजवळ गळून पडलाय. उरतो फक्त बाजू मांडण्याचा हक्क. तेवढ्यावरून एखाद्या प्रक्रियेला न्यायिक म्हणायचं असेल तर ग्रामपंचायतीच्या कारणे दाखवा नोटिशीलाही म्हणावं लागेल.

आणखी एक गोष्ट गाईडमध्ये सहसा नसते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पक्षाचा व्हिप चालत नाही, कारण ते सभागृहातलं मतदान नव्हे. महाभियोगाचं मतदान मात्र सभागृहातलं मतदान आहे, आणि दहाव्या अनुसूचीत त्याला वेगळी सूट दिलेली नाही. पक्षाने व्हिप काढला आणि खासदाराने पुरावा वाचून उलट मत दिलं तर त्याची खासदारकी धोक्यात येऊ शकते. पक्षाचा आदेश मोडला म्हणून न्यायाधीशाची खुर्ची जाते, असं कोर्ट तुम्ही कुठे पाह्यलंय?

नमुना शून्य असल्याचं वर म्हटलं. पण न झालेल्या गोष्टीही पुरावा देतात, फक्त त्या नीट निवडाव्या लागतात. जिथे प्रक्रिया न्यायिक असती तर निदान आरोप तरी यायला हवा होता, अशा जागा शोधायच्या. मला दोन सापडल्या.

पहिली जून १९७५ ची. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. राष्ट्रपतींनी मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने चालायचं असतं, आणि इथे मंत्रिमंडळाला कळण्याआधीच सही झालेली. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवाच, ही अट नंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आली, म्हणून तेव्हा काटेकोर अर्थाने भंग झाला का, यावर कायद्याचे लोक दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. बोलू देत. माझा प्रश्न वेगळा आहे. हा प्रश्न विचारायला त्या संसदेत बसणार कोण होतं? ज्या पक्षाला त्या सहीचा फायदा होता त्याचंच प्रचंड बहुमत, आणि विरोधी पक्षाचे अनेक खासदार मिसाखाली तुरुंगात. नोटिशीवर एक-चतुर्थांश सह्या लागतात, त्या काय तुरुंगात फिरून गोळा करायच्या? जेव्हा संविधानाला सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा हे कलम वापरताच येण्यासारखं नव्हतं.

दुसरी जागा २००५ ची, आणि ती मला जास्त मोलाची वाटते, कारण इथे भंग झाला की नाही यावर वादच उरला नाही. मे महिन्यात बिहार विधानसभा बरखास्त झाली. राज्यपाल बुटासिंग यांचा अहवाल, केंद्रीय मंत्रिमंडळाचा रातोरात निर्णय, आणि मॉस्कोच्या दौऱ्यावर असलेल्या राष्ट्रपती डॉ. कलाम यांची सही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रामेश्वर प्रसाद प्रकरणात ही उद्घोषणा घटनाबाह्य ठरवली. देशाच्या सर्वोच्च कोर्टाने राष्ट्रपतींच्या सहीचा आदेश घटनाबाह्य म्हटला, याहून मोठा पुरावा कोणता हवा? तरी महाभियोगाचा प्रस्ताव आला नाही, आणि यायला नको होता असंच कुणीही समंजस माणूस म्हणेल. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणे सही केली होती, दोष सल्ला देणाऱ्यांचा होता. बुटासिंगांना २००६ च्या जानेवारीत जावं लागलं. त्याच वर्षी बिहारचे राज्यपाल म्हणून आपल्या अमरावतीचे दादासाहेब गवई गेले. राज्यपालांसाठी महाभियोग नसतो, राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत ते पदावर असतात.

तर 'संविधानाचा भंग' हे शब्द जसेच्या तसे लागू पडूनही कलम जागचं हललं नाही. भंग झाला का, एवढं पुरेसं नसतं. तो कुणाच्या माथी मारायचा हा वेगळा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर राजकीय जबाबदारीच्या हिशोबातून येतं. बाकी मार्गही नाही, कारण अनुच्छेद ३६१ प्रमाणे राष्ट्रपती आपल्या अधिकारांच्या वापराबद्दल कोर्टाला उत्तरदायी नसतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश भूषण गवई (हेही अमरावतीचेच, दादासाहेबांचे चिरंजीव) यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, विधेयकांवर निर्णय घ्यायला राज्यपाल आणि राष्ट्रपतींना कोर्ट ठरावीक मुदत घालून देऊ शकत नाही, असं मत दिलं. उद्या एखाद्या राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाशीच भांडण काढलं, तर शेवटचं हत्यार अनुच्छेद ६१ हेच. १९८६-८७ मध्ये ग्यानी झैलसिंग यांनी टपाल विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही, तेव्हा राजीव गांधींच्या सरकारशी असलेला त्यांचा तणाव कुठवर जाणार याच्या चर्चा झडल्या होत्या. चारशेहून जास्त जागांचं सरकार होतं, म्हणून तरी ती चर्चा करता येत होती.

आता गावाकडे येऊ. महाभियोग समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त उपयोग सरपंचाच्या कायद्याचा झाला. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात सरपंचाला काढायचे दोन वेगळे मार्ग आहेत. कलम ३५ अविश्वासाचं. सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यायची, सभा लागते, हात वर होतात, संपलं. भ्रष्टाचार सिद्ध करायची गरज नाही, 'आमचा विश्वास राहिला नाही' एवढं पुरतं. मतदानाआधी सदस्य सहलीला नेले जातात, कुठल्या लॉजवर आहेत ते सगळ्या गावाला माहीत असतं. त्याला कुणी अर्धन्यायिक म्हणत नाही. कलम ३९ गैरवर्तनाचं. तिथे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, सुनावणी होते, निर्णय विभागीय आयुक्त देतात. आपल्या पाचही जिल्ह्यांच्या अशा फायली अमरावतीला येतात. त्या निर्णयावर शासनाकडे अपील करता येतं. हे खरं अर्धन्यायिक.

पारावरच्या माणसालाही हा फरक नीट कळतो. 'अविश्वास आला' म्हटलं की तो विचारतो, फुटले किती? 'आयुक्ताकडे केस लागली' म्हटलं की विचारतो, काहून बा, काय केलं त्यानं? राष्ट्रपतींच्या बाबतीत ही दोन दारं एकच केलेली आहेत. आरोपाची भाषा कलम ३९ ची, कामाची पद्धत कलम ३५ ची. गाईडमधलं वाक्य दारावरची पाटी वाचतं आणि आत डोकावत नाही.

याच तुलनेतून अनुच्छेद ६१ वरचा माझा मोठा आक्षेप निघतो. आपल्याकडे थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये बंद झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर तीन-चतुर्थांश सदस्यांची मतं लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्याला मान्यता घ्यावी लागते. तर्क सरळ आहे. गावाने निवडलं, तर काढतानाही गावाला विचारा. राष्ट्रपतींना निवडताना देशभरातले चार हजारांवर आमदार मत देतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. अमरावती जिल्ह्याचे आठ आणि अकोल्याचे पाच, असे १३ आमदार मिळून २,२७५ मूल्याची मतं टाकतात. काढताना यांचं मूल्य शून्य. उलट राज्यसभेतले १२ नामनिर्देशित सदस्य, ज्यांना राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतच नाही, ते काढताना पूर्ण मत देतात. २००७ मध्ये प्रतिभाताईंना निवडताना शिवसेनेने एनडीएत असूनही मराठी उमेदवार म्हणून त्यांच्या बाजूने मतं दिली होती, आणि त्यात आमदारांच्या मतांचा वाटा मोठा होता. अशी राज्यांच्या अस्मितेची जी गणितं निवडणुकीत चालतात, ती महाभियोगात उरतच नाहीत. हा तपशील लहान नाही. राष्ट्रपती केंद्र आणि राज्यं दोघांचे असतील, तर काढणारं सभागृह फक्त दिल्लीतलं का, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. कोर्टाचा मुद्दा असता तर कोर्ट कुणी निवडलं हे गौण ठरलं असतं. पण मतदानाचा मुद्दा आहे, म्हणून मतदार कोण हे महत्त्वाचं.

अमेरिकेचं उदाहरण शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, ३५ विरुद्ध १९. २०२० मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या पहिल्या खटल्यात त्यांच्या पक्षाच्या एकाच सिनेटरने एका आरोपावर त्यांच्याविरुद्ध मत दिलं. २०२१ मध्ये सात जणांनी दिलं, ५७ विरुद्ध ४३ झालं, तरी लागणारी ६७ मतं भरली नाहीत. विशेष म्हणजे तिथे सिनेटर खटल्यासाठी वेगळी शपथ घेतात आणि राष्ट्राध्यक्षांच्या खटल्यात सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी बसतात, म्हणजे कोर्टाचा थाट आपल्यापेक्षा बराच जास्त.

तुलनेसाठी अमेरिकेपेक्षा दक्षिण कोरिया घ्या. तिथे संसद फक्त आरोप ठेवते आणि निकाल घटना न्यायालय देतं. २००४ मध्ये रो मू-ह्यून यांच्यावर संसदेने महाभियोग मंजूर केला. दरम्यान निवडणूक झाली, त्यांच्या बाजूच्या पक्षाला बहुमत मिळालं, आणि कोर्टाने तो फेटाळून त्यांना पदावर परत बसवलं. २०१७ मध्ये पार्क ग्युन-हे यांना आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये यून सुक-योल यांना कोर्टाने एकमताने काढलं, कारणं लिहून. यून यांच्यावरचा पहिला प्रस्ताव सत्ताधारी सदस्य सभागृहातून उठून गेल्यामुळे पडला होता, आठवड्याने दुसरा मंजूर झाला. पहिल्या टप्प्यावरचं राजकारण तिथेही आहेच. पण 'अर्धन्यायिक' हे लेबल कोरियाच्या बाटलीला शोभतं, आपल्या नाही.

यावर मैत्रिणीचा आक्षेप असा, की राजकीय म्हटलं की प्रक्रिया बदनाम होते. मला तसं वाटत नाही. राष्ट्रपतींना काढायचं की नाही हा प्रश्न जनतेला उत्तर देणाऱ्या लोकांनीच सोडवावा, हे रास्तच आहे. आणि ३६२ अधिक १६४ हा उंबरठा इतका उंच आहे की एकट्या पक्षाला तो सहसा ओलांडता येत नाही, विरोधकांना सोबत घ्यावंच लागतं. ते संरक्षणही राजकीयच आहे. माझी तक्रार आहे ती लपवालपवीची. कोर्टाचा अंगरखा घातला की 'आम्ही तटस्थ राहिलो' हे तत्त्वनिष्ठेसारखं दिसतं. १९९३ च्या त्या २०५ जणांना मतदारसंघात कुणी जाब विचारल्याचं ऐकिवात नाही. मतदान म्हणून बघितलं असतं तर कदाचित विचारला असता.

तर सिनॉप्सिसचं काय करायचं? पहिलं गृहीतक खोडून परिकल्पनेत टाकायचं, आणि असं लिहायचं की ते खोटं ठरू शकेल. उदाहरणार्थ, चौकशी समितीने दोषी ठरवलेल्या प्रकरणांत सदस्यांचं मत अहवालापेक्षा पक्षाशी जास्त जुळतं. प्रकरणं थोडी आहेत, म्हणून संख्याशास्त्राच्या मागे लागू नका, एसपीएसएसने इथे काही होणार नाही. दोन-तीन प्रकरणं खोलात जाऊन तुलना करा, आणि दोन प्रकरणांमध्ये काय सारखं आणि काय वेगळं त्याचा तक्ता आधी बनवा. पहिलं साधन लोकसभेच्या कामकाजाचा अहवाल, १० आणि ११ मे १९९३ चा. तो संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतो. वाचताना बाजूने बोलणाऱ्यांपेक्षा तटस्थ राहिलेल्या पक्षाचे सदस्य काय बोलतात तिकडे जास्त लक्ष द्या. ते पुराव्याबद्दल किती बोलतात आणि प्रक्रियेबद्दल किती, हे वहीत दोन रकाने करून मोजत जा. मैत्रिणीने ते काम सुरू केलंय, आणि परवा तिचा मेसेज आला की दुसरा रकाना पानाच्या खाली गेलाय.